वाढत्या मापाची बंदूक

दुकानदाराने बंदूक माझ्या हातात दिली आणि विचारलं, "बसतेय का नीट?" मी ती खांद्याला लावली. मागच्या लाकडी दस्त्याचं टोक खांद्याच्या खळग्यात न बसता दंडावर आलं. चापापर्यंत बोट पोचवायला उजवा हात जवळजवळ सरळ करावा लागला आणि वर बसवलेल्या दुर्बिणीतून काही दिसावं म्हणून मान पुढे काढावी लागली. मी म्हटलं, "ऑल गुड."

तोपर्यंत ऑस्ट्रेलियात मला सहा वर्षं झाली होती आणि त्यातली बरीचशी मी या दोन शब्दांवर काढली होती. हेअरकट बिघडला, ऑल गुड. घरमालकाने हीटर दुरुस्त केला नाही, ऑल गुड. समोरच्याला वाईट वाटू नये म्हणून म्हणायचे असं नाही. पुढचं बोलणं टळावं म्हणून म्हणायचे.

बंदूक युरोपातल्या कुठल्यातरी थंड देशातून आलेली होती. सोबतच्या पुस्तिकेत ती धरून उभा असलेला माणूस सहा फूट तरी असेल. मी पाच फूट एक. पण लांब वस्तू घेणं आमच्या घरात नवीन नव्हतं. माझा शाळेचा पिनाफोर पहिलीत गुडघ्याच्या खाली यायचा आणि तिसरीत गुडघ्याला. बुटांच्या टोकात कापूस असायचा. सगळं वाढत्या मापाचं. त्यामुळे एखादी गोष्ट अंगाला होत नाही म्हणजे आपणच अजून तिच्याएवढे झालेलो नाही, असं मला आपोआप वाटतं.

बंदूक घ्यायची वेळ माझ्यावर आली ती कामामुळे. २०२०च्या पहिल्या लॉकडाउनमध्ये धान्याचे नमुने तपासायची माझी लॅबमधली नोकरी गेली. त्याच सुमारास शेतांवर माणसं मिळेनाशी झाली होती, कारण दर वर्षी येणारी परदेशी पोरंपोरी सीमेबाहेर अडकली होती. मेलबर्नच्या कडेला आम्ही राहायचो त्या टार्निटहून पश्चिमेला सव्वा तासावर एका मेंढीपालक बाईकडे मला काम मिळालं. मी तिला तिच्या नावानेच हाक मारायचे, इथे तसंच करतात. पण मनात ती माझ्यासाठी 'बाई' होती, शाळेतल्या बाईंसारखी. सत्तरी ओलांडलेली, एकटी. शेतात फिरायच्या चारचाकी क्वाड बाइकवरून पडून तिचा उजवा खांदा निकामी झाला होता. ती दाराची कडीसुद्धा डाव्या हाताने काढायची.

पहिला हंगाम मी कुंपणं ओढली, चारा टाकला, गाभण मेंढ्यांवर नजर ठेवली. शहराची सीमा ओलांडताना पोलीस परवाना बघायचे आणि मी आत बसलेल्या अख्ख्या मेलबर्नला मागे टाकून उघड्यावर जायचे. त्या वर्षात मला बरं वाटायचं ते फक्त तिथे. हंगाम संपताना बाई म्हणाली, "पुढच्या वर्षी विण्याचा हंगाम पूर्ण तुझ्याकडे देईन म्हणते. पण मला बंदूक धरवत नाही. मेंढी मरायला टेकली तर मारता येईल?"

"शिकेन."

"शीक. लायसन्स काढ, स्वतःची घे. माझी मी तुला देणार नाही, ती माझ्या नावावर आहे." मग तिने एक बोट वर केलं. "एक जनावर, एक गोळी. दोन लागायला लागल्या तर मी शेजाऱ्याला बोलावते. आणि मग हंगामही त्यालाच देते. ते तुझ्यासाठी नाही, मेंढीसाठी."

शेजारी म्हणजे पलीकडच्या डोंगरउतारावरचा एक माणूस, त्याला मी फक्त त्याच्या यूटच्या, मागे उघडा हौदा असलेल्या गाडीच्या, धुळीवरून ओळखायचे. त्याला तो हंगाम मिळू नये असं मला इतकं वाटलं की मीच चकित झाले.

कोर्स, परीक्षा, पोलीस तपासणी, वाट पाहणं, सगळं केलं. झोपायच्या खोलीतल्या कपाटात, सुटकेसच्या मागे, काँक्रीटच्या जमिनीला बोल्ट मारून पोलादी तिजोरी बसवली. तपासायला आलेल्या कॉन्स्टेबलने ती दोन्ही हातांनी हलवून पाहिली आणि ती हलली नाही म्हणून माझ्या नवऱ्याचं अभिनंदन केलं. बोल्ट मी मारले होते.

पुण्याला आईला यातलं काहीच सांगितलं नव्हतं. मी मेंढ्यांकडे बघते एवढंच तिला माहीत होतं.

कागदी निशाणांवर सराव सुरू केला आणि दुसऱ्या आठवड्यात माझा उजवा दंड जांभळा झाला. प्रत्येक गोळीबरोबर दस्ता मागे येऊन हाडावर आदळायचा. मी उपाय केला तो अगदी घरचा. आईने पाठवलेल्या गोधडीचं एक टोक फाटलं होतं, ते कापलं, दुहेरी घडी घातली, आत जुन्या टी-शर्टच्या चिंध्या भरल्या आणि दस्त्याच्या टोकावर चढेल अशी पिशवी शिवली. कडेला नाडी.

नवऱ्याने ती पाहिली. "हे काय? बंदुकीला कुंची शिवलीस?"

"लागतं."

"मग त्याला सांग ना, त्या दुकानवाल्याला."

"नको. आता बरं वाटतं."

खरंच बरं वाटत होतं. दंड दुखायचा थांबला. फक्त आधीच लांब असलेली बंदूक आता आणखी दोन बोटं लांब झाली होती. दुर्बिणीत डोळा पोचवायला मान आणखी पुढे जात होती. हे माझ्या लक्षातच आलं नाही. मला दुखत नव्हतं, मग अडचण संपली असं मी धरून चालले.

२०२१चा मे महिना अर्धा उलटल्यावर मेंढ्या व्यायला लागल्या. त्याच दिवसांत घरून येणारा फोन घ्यायची मला भीती वाटायची. आमच्या पुण्यातल्या सोसायटीतून पंधरवड्यात तिघं कोविडने गेले होते. बाबा हॉस्पिटलमध्ये होते. इथून तिकडे जायची सोय नव्हती आणि तिकडून इथे यायचं दार तर इथल्या सरकारने लावूनच घेतलं होतं. मी सकाळी पॅडकमध्ये, कुंपण घातलेल्या कुरणात, चालायचे आणि गवतात पडलेली कोकरं मोजायचे. कोल्हा कोकराची जीभ खातो हे मला तोपर्यंत माहीत नव्हतं. अर्धं बाहेर आलेलं असताना, आई कळा देत पडलेली असताना, तो येऊन आधी जीभच खातो. कावळे डोळ्यांपासून सुरू करतात. पाठीवर उलटलेली गाभण मेंढी स्वतःहून उठू शकत नाही. ती चारी पाय वर करून जिवंत असते आणि कावळा तिच्या तोंडावर बसलेला असतो.

पहिली तशी मेंढी मला बाईबरोबर असताना मिळाली. दोन्ही डोळ्यांच्या जागी ओल्या खाचा होत्या आणि मागून आतडं बाहेर आलं होतं. ती वाचणार नव्हती. तिला उलटवलं तर उभी राहिली, थरथरत, आवाजाच्या दिशेने डोकं फिरवत.

"कर," बाई म्हणाली.

मी थोड्या अंतरावर गुडघा टेकला. कुंची दंडावर, हात ताणलेला, मान पुढे. चाप ओढला त्या क्षणी कोणीतरी माझ्या कपाळावर लोखंडी सळई मारल्यासारखं झालं. दुर्बिणीची कड भुवईत घुसली होती. उजव्या डोळ्यात रक्त उतरलं. डाव्या डोळ्याने मी पाहिलं. मेंढी उभीच होती. तिचा खालचा जबडा एका बाजूला लोंबत होता. मग ती पळाली. डोळे नसलेली मेंढी जबडा लोंबवत पळते तेव्हा ती सरळ पळत नाही. ती कुंपणावर आपटली, फिरली, पुन्हा आपटली. तिच्या तोंडातून आवाज येत होता, पण तो मेंढीचा नव्हता.

मी दुसरी गोळी भरायला गेले. हात रक्ताने निसरडे झाले होते. बाई ओरडली, "खाली ठेव ती!" आणि ती स्वतः धावली. सत्तरीची बाई, उजवा हात पोटाशी धरलेला. कुंपणाच्या कोपऱ्यात तिने मेंढीवर अंग टाकलं, गुडघ्याने मान दाबली, कमरेची सुरी डाव्या हाताने काढली आणि गळा चिरला. चुकीच्या हाताने. एका फटक्यात झालं नाही. तिला तीनदा सुरी ओढावी लागली.

ती उठली तेव्हा छातीपर्यंत लाल होती. माझ्याकडे आली, माझं कपाळ पाहिलं, यूटमधून मेंढ्यांच्या जखमेवर मारायचा निळा स्प्रे काढला आणि न विचारता भुवईवर मारला. मी किंचाळले.

"तिला ही दोन मिनिटं सोसायची गरज नव्हती," ती म्हणाली. "मी शेजाऱ्याला फोन करते."

"एकदा," मी म्हटलं. "अजून एकदा करू द्या."

ती बराच वेळ सुरी गवतावर पुसत राहिली. "एकदा. पण आधी ते काय आहे ते बघ." तिने कुंचीकडे बोट दाखवलं. "ही काय वस्तू आहे मला कळत नाही, पण माझ्या बंदुकीला कधी उशी लागली नव्हती."

गावातल्या क्लिनिकमध्ये जखमेवर चिकटपट्ट्या लावून मी घरी आले. दुसऱ्या दिवशी डोळा काळा झाला, तिसऱ्या दिवशी गालापर्यंत हिरवा-पिवळा उतरला. आणि त्याच आठवड्यात पुन्हा लॉकडाउन लागलं आणि सगळीकडे मास्क. मास्कने माझा चेहरा इतका नेमका झाकला की नाक, तोंड, हनुवटी काहीच दिसत नव्हतं. दिसत होती फक्त सुजलेली भुवई आणि काळा डोळा.

इंडियन ग्रोसरीत काउंटरवरच्या मुलाने माझ्याकडे बघितलं, मग माझ्यामागे आट्याची बॅग धरून उभ्या नवऱ्याकडे. "भाभीजी, सब ठीक?"

"हां हां," मी म्हटलं. "ऑल गुड."

बाहेर आल्यावर नवरा मास्क खाली ओढून म्हणाला, "ऑल गुड काय? अगं नीट सांग ना लोकांना! माझी सगळी अब्रू तुझ्या भुवईला लटकलीये."

"काय सांगू? बंदुकीने मारलं?"

"ते सांगू नको. ते तर आणखीनच वाईट वाटतं."

फार्मसीत चिकटपट्ट्या घ्यायला गेलो तेव्हा फार्मसिस्ट बाईने त्याला हसून सांगितलं की आत माणसांची मर्यादा आहे, तुम्ही बाहेर थांबाल का. आत आम्ही तिघंच होतो. तो बाहेर गेला. काचेतून तो मला दिसत होता, हात खिशात, अपराध्यासारखा. ती माझ्या जवळ आली आणि हळूच म्हणाली, "घरी तुला सुरक्षित वाटतं का? तू नुसती मान हलवलीस तरी चालेल."

मला खरं सांगता आलं असतं. मी शेतावर काम करते, माझी बंदूक मला होत नाही, दोन वाक्यं. पण माझ्या तोंडून आलं, "नाही नाही, ऑल गुड, खरंच, दार लागलं." तिच्या डोळ्यांतला संशय आणखी घट्ट झाला. तिने एक छोटं कार्ड माझ्या पिशवीत औषधाखाली सरकवलं. गाडीत बसल्यावर ते माझ्या हाती आलं. मदतीचा फोन नंबर होता.

नवऱ्याने ते वाचलं. गाडी सुरू केली नाही. "कोणी पोलिसांना कळवलं ना," तो म्हणाला, "तर ते आधी येऊन बंदूक उचलून नेतील. चौकशी होईपर्यंत. मग तुझा हंगाम कसा करणार?"

त्याची स्वतःची किती भीती त्यात होती ते मला दिसत होतं. पण तो माझ्या हंगामाबद्दल बोलला.

आईचा व्हिडिओ कॉल रविवारी आला. बाबा आदल्या दिवशी घरी आले होते. मी खिडकीकडे पाठ करून बसले, चेहरा अंधारात राहावा म्हणून. तिने एका क्षणात पाहिलं.

"डोळ्याला काय झालंय?"

"कपाटाचं दार लागलं."

"कुठलं कपाट?"

"किचनमधलं."

"वरचं का खालचं?"

"वरचं."

"तुझा हात पोचत नाही त्याला, डोळा कसा पोचला?" मग तिचा आवाज बदलला. "तो आहे का शेजारी?"

"नाही. पलीकडच्या खोलीत मीटिंग चाललीये त्याची."

"मग ऐक. मी विचारते, तू नुसतं हो किंवा नाही म्हण. हात उचलतो?"

"आई!"

"हो का नाही?"

"नाही!"

"बघ हं. विमानं बंद आहेत म्हणून मी काही करू शकत नाही असं त्याला वाटत असेल तर त्याला सांग, तिकडच्या पोलिसांचा नंबर माझ्याकडे आहे."

"तुझ्याकडे कशाला?"

"लग्न ठरलं तेव्हाच काढून ठेवलाय."

मी हसले आणि भुवई ताणली जाऊन डोळ्यात पाणी आलं. तिला ते रडणं वाटलं. तिचा चेहरा स्क्रीनमध्ये इतका जवळ आला की फक्त कपाळ आणि कुंकू दिसत होतं. मागे कुठेतरी बाबांचा खोकला ऐकू येत होता. त्या महिन्यात तिने काय काय सोसलं होतं ते मला माहीत होतं, आणि आता माझी काळजीही ती त्यातच घालत होती. म्हणून मी सांगितलं.

"बंदूक लागली."

"कसली बंदूक?"

"खरी. माझी आहे. लायसन्स आहे माझ्याकडे. मेंढ्यांसाठी घेतलीये."

"तू मारतेस?"

"जी वाचणार नसते ती."

"आणि हे?"

"झाडताना मागे येते ना, तिची दुर्बीण लागली. बंदूक जरा लांब आहे मला."

"म्हणजे त्याने नाही मारलं."

"नाही गं."

"बंदुकीने मारलं."

"हो."

"देवा," आई म्हणाली आणि खुर्चीत मागे टेकली. "बंदूकच होती. मला वाटलं काय झालंय."

तिला दाखवायला बंदूक तिजोरीतून काढणं मला बरोबर वाटलं नाही. मी स्वयंपाकघरातला झाडू आणला आणि खांद्याला लावून दाखवला. हात कसा ताणावा लागतो, मान कशी काढावी लागते. गोधडीचं काय केलं तेही सांगितलं. आईला शिवणातलं कळतं. तिने मला झाडू तिरका धर, सरळ धर, कोपर वाकव असं सांगितलं.

"ही तुझ्या मापाचीच नाही."

"करते ॲडजस्ट."

"का?"

"तू नाही का सगळं वाढत्या मापाचं घ्यायचीस?"

"अगं, तेव्हा तू वाढणार होतीस म्हणून घ्यायचे! आता एकतिसाव्या वर्षी किती वाढणार आहेस?" ती खरंच चिडली. "लांब आहे तर वरून गोधडी काय बांधतेस? कापून घे. ड्रेसच्या बाह्या नाही का कापून घेत. की कायद्यात बसत नाही?"

"विचारते."

"विचार. आणि बाबांना यातलं काही बोलू नकोस. ऑक्सिजन काढून दोनच दिवस झालेत."

सोमवारी मी लायसन्सच्या ऑफिसला फोन लावला. अर्धा तास तीच धून वाजत राहिली आणि त्यात मी तीनदा फोन ठेवायला निघाले. पलीकडच्या बाईला मी आधी लिहून काढलेला प्रश्न वाचून दाखवला. मागचा लाकडी दस्ता माझ्या मापाने कापून घेतला तर चालतं का.

"नळीला हात लावायचा नाहीये ना?"

"नाही. फक्त लाकूड."

"मग लायसन्सवाल्या गनस्मिथकडून करून घे, डिअर. पूर्ण लांबी कायद्यातल्या मापाखाली जाऊ द्यायची नाही. कोटाखाली लपेल अशी झाली की तो गुन्हा. तो मोजून लिहून देईल. घरी करवतीने करू नकोस."

"नाही करणार." मग मी म्हटलं, "हे मला ईमेलवर मिळेल का?" माझं असं काही मागणं मलाच नवीन होतं.

शहराबाहेरचं लॉकडाउन आधी उठलं. कामावरून येताना मी गनस्मिथकडे, बंदुका दुरुस्त करणाऱ्याकडे, गेले. पत्र्याच्या शेडमध्ये एक जाडा म्हातारा बसला होता, मास्क हनुवटीवर. त्याने माझ्याकडे पाहिलं आणि त्या तीन आठवड्यांत पहिल्यांदाच कोणीतरी मला काही विचारलं नाही.

"दुर्बिणीने चावलं," तो म्हणाला आणि स्वतःच्या भुवईवरचा केस उडालेला पांढरा व्रण दाखवला. "अर्ध्या गावाला आहे. मास्क वर करू का? तुझ्यासाठी करतो." त्याने मास्क वर केला. मग बंदूक घेतली, रिकामी आहे हे तपासलं आणि कुंचीवर थांबला. "हे कोणी शिवलं?"

"मी."

"टाके चांगले आहेत." त्याने नाडी सोडली. "पण लांब असलेली गोष्ट तू आणखी लांब केलीस, मेट. मान कासवासारखी बाहेर काढून झाडत असशील. मग ती मागे येणार आणि तू पुढे असणार."

त्याने मला कोपर काटकोनात धरायला सांगितलं. दस्त्याचं टोक कोपराच्या आतल्या बाजूला टेकवलं आणि माझं बोट चापापासून किती दूर राहतंय ते पाहिलं. टेपने मोजलं. पेन्सिलने लाकडावर रेघ मारली. "आधी एवढंच काढतो. कापलेलं परत जोडता येत नाही." रेघेमागचं लाकूड काखेखाली सोडून, रेघ खांद्याशी येईल अशी बंदूक त्याने मला धरायला दिली. "कसं वाटतं?"

"ऑल..."

मी थांबले. हात अजून ताणला जात होता. थोडासाच. हिवाळ्यात जाड जॅकेट घातल्यावर तो थोडासा पुन्हा तेवढाच होणार होता. मला कोपऱ्यात आपटणारी ती मेंढी दिसली.

"नाही," मी म्हटलं. "अजून लांब आहे. मी जॅकेट घालून येते, मग मोजा."

"मोजू या," तो म्हणाला, जणू लोक त्याला रोज हेच सांगतात.

दुसरी रेघ पहिलीच्या पुढे आली. त्याने बंदुकीची पूर्ण लांबी मोजली, किती उरणार ते हिशोबाने पाहिलं, कायद्याच्या मापाच्या बरीच वर आहे असं मला आकड्यासकट दाखवलं आणि वहीत लिहिलं. मग दस्ता नळीपासून वेगळा करून करवतीखाली घेतला. आवाज सुरू झाला तसे माझे दात आवळले. भुसा उडाला, गडद आणि थोडा कडवट वासाचा. दीड बोट जाड लाकडाची चकती टेबलावर पडली. कापलेल्या तोंडावर त्याने रबराची पातळ गादी बसवली आणि दुर्बीण थोडी मागे, माझ्याकडे सरकवली.

मी बंदूक खांद्याला लावली. दस्ता खळग्यात बसला. मान हलवावी लागली नाही. दुर्बिणीत पूर्ण गोल चित्र होतं, शेडच्या दारापलीकडचं गवत आणि त्यात एक खांब. एखादा ड्रेस अंगाला बसतो तेव्हा आरशात बघून कळतं, इथे आरसा नव्हता. पण कळलं.

चकती मी मागून घेतली. नवऱ्याने ती फोडणीच्या कढल्याखाली ठेवायला सुरुवात केली. कुंची मी उसवली आणि तिच्या चिंध्या गाडी पुसायला ठेवल्या.

पुढचे दहा दिवस मी कामानंतर कागदावर सराव केला. बाई व्हरांड्यात बसून ऐकायची. आम्हा दोघींनाही माहीत होतं की माझ्याकडे एकच संधी उरली आहे आणि ती कधी येईल ते कोणाच्या हातात नाही.

ती जूनअखेर एका सकाळी आली. दव गोठून गवत पांढरं झालं होतं. दूरच्या पॅडकच्या टोकाला कावळे उडत-बसत होते. मी यूट थांबवली. मेंढी पाठीवर होती. एक डोळा गेलेला, दुसरा माझ्यावर. मागे कोकराचं डोकं बाहेर आलेलं, सुजून काळं पडलेलं, मेलेलं. कोल्ह्याने किंवा कशानेतरी मेंढीची कास फाडून पोटापर्यंत उघडी केली होती. तिच्यातून वाफ निघत होती. ती श्वास घेत होती, सावकाश, आणि प्रत्येक श्वासाबरोबर ते कोकरू थोडं हलत होतं.

मी रेडिओवर बाईला सांगितलं. काय दिसतंय ते सगळं.

"वाचेल?"

"नाही."

"मग कर," बाई म्हणाली. रेडिओ बंद झाला. ती आता व्हरांड्यात येऊन उभी असेल हे मला माहीत होतं. त्या थंड हवेत आवाज तिच्यापर्यंत सहज पोचणार होता. आणि पलीकडच्या उतारावर शेजाऱ्यापर्यंतही.

कावळे कुंपणावर जाऊन बसले. मी बंदूक काढली, एक गोळी भरली. मेंढी माझ्याकडे बघत होती का मला माहीत नाही. डोळा माझ्याकडे होता एवढंच. दस्ता खांद्यात टेकला. मान जिथे होती तिथेच राहिली.

आवाज झाला. कावळे उडाले. मेंढीचे चारी पाय एकदा ताठ झाले आणि खाली आले. मी चालत गेले, उघड्या डोळ्याला बोट लावलं. डोळा मिटला नाही. कोकरू हलायचं थांबलं होतं. माझ्या बुटांवर बारीक लाल शिंतोडे होते, त्यांच्यातूनही वाफ येत होती. मी भुवईला हात लावला. ओलं काही नव्हतं.

मी बंदूक रिकामी केली, पुन्हा तपासली, पेटीत ठेवून कुलूप लावलं. मग मी यूटच्या चाकाला टेकून गवतावर बसले. किती वेळ ते आठवत नाही. रेडिओ खरखरला.

"एक ऐकली," बाई म्हणाली.

"एकच होती."

"हं." मागे किटलीची शिट्टी वाजत होती. "पाणवठ्यापाशी अजून एक पडलेली दिसतेय मला इथून. तिचं काय करायचं ते तू बघून ठरव."

मी उठले, बूट गवतावर पुसले आणि यूट तिकडे वळवली.